दहा बाय दहात आठ इंची

माझ्या सासऱ्यांचा मला राग येत नाही, हीच माझी खरी अडचण आहे. राग आला असता तर काम सोपं झालं असतं. कडाकडा भांडले असते, बॅग भरली असती आणि स्टँडवरून पुण्याची गाडी धरली असती. पण ज्या माणसानं सून घरात यायच्या आधीच तिच्या लॅपटॉपसाठी टेबल करून घेतलं, आणि जो आखाडा बाळापूरच्या बाजारात भेटेल त्याला 'आमची पुनम गाण्याची इंजिनेर हाय' असं सांगत सुटतो, त्याच्याशी भांडायचं तरी कशावरून? दोन वर्षं मी कारण शोधत होते. एकही धड सापडलं नाही.

'गाण्याची इंजिनेर' म्हणजे काय, हे मामांना, म्हणजे माझे सासरे व्यंकटराव यांना, अजून नीट कळलेलं नाही. गाणं रेकॉर्ड होतं तेव्हा गळा वेगळा असतो, ढोलकी वेगळी, पेटी वेगळी. ते सगळे तुकडे एकत्र बसवायचे, कुणाला पुढं आणायचं, कुणाला मागं सारायचं, कुणाचा आवाज भरदार करायचा, कुणाचा हलका, हे माझं काम. याला मिक्सिंग म्हणतात. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या मंजुळाआत्यांनी, हे एकदा शेजारणीला समजावून सांगितलं, तर तिनं शेंगदाण्याच्या चटणीचा विषय काढला. मी तो विषय पुढं चालू दिला, कारण माझ्या कामापेक्षा त्यात दोघींना जास्त रस होता.

पुण्यात दिपाताईंच्या स्टुडिओत मी तीन वर्षं हे काम केलं. मग भागवतशी लग्न ठरलं. तो बियाण्यांच्या कंपनीत आहे, पुण्याला बदली मागितली तर मिळते. "दोन वर्षं घरी राहू, मग पुणं," हे त्याचे शब्द. दोन वर्षं उलटली, तिसरं लागलं, आणि त्या शब्दांचं घरात कुणी नावही काढेना. मी काढलं की भागवत विचारायचा, "तुला हितं तकलीफ काय आहे, ते सांग."

काय सांगणार? मला हिंगोलीला जायचं असलं की मामा गाडी काढून उभे. "एकटी काहून जातीस, म्या सोडतो की." मेडिकलमध्ये जायचं, मामा सोबत. पार्लरमध्ये जायचं, मामा बाहेर लिंबाखाली पेपर वाचत बसलेले. लग्न झाल्यापासून मी एकटीनं रस्ता ओलांडल्याचं मला आठवत नाही. हे तक्रार म्हणून कुणापुढं बोलून बघा. मी आईपुढं बोलले, तर ती म्हणाली, असा सासरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. नुसतं 'मला जायचंय' हे कारण आमच्याकडं चालत नाही. कारणाला काहीतरी दुखणं लागतं, आणि मला तर कुणी दुखवतच नव्हतं. दुपारी सगळे शेतात गेले की मी दार आतून लावून पंख्याखाली बसायची, आणि त्या मोठ्या, हवेशीर घरात मला श्वास पुरायचा नाही.

एप्रिलमध्ये दिपाताईंचा फोन आला. "पुनम, माझ्याकडची एक खुर्ची रिकामी होतेय. जूनपासून कुणीतरी बसवायचंय. येतेस का?"

मी फोनवरच हो म्हणून टाकलं आणि रात्रीच्या जेवणाला ते घरात सांगितलं. भागवतचा घास हातातच राहिला. आत्यांनी मामांकडं बघितलं. मामा शांतपणे भाकरी मोडत म्हणाले, "पुण्याला जाऊन बी गाणंच करणार ना? मग ते हितं कर की. ती रस्त्याकडची खोली घे. स्पीकर कोणते लागतेत तेवढं सांग, किमतीकडं बघू नको."

भागवतला वाट सापडली. त्यानं दुसऱ्याच दिवशी दिपाताईंना फोन लावला आणि सगळ्यांसमोर ठरवून टाकलं. त्यांनी एक गाणं पाठवायचं. मी ते घरच्या खोलीत मिक्स करायचं. चांगलं झालं तर मी इथूनच त्यांचं काम करायचं. फसलं तर इथं ते होत नाही असं सगळ्यांनी मान्य करायचं, आणि जूनमध्ये आम्ही दोघांनी बिऱ्हाड पुण्याला हलवायचं. भागवतनं आईची शपथ घेतली. दिपाताई म्हणाल्या, "मला दोन्ही चालेल. गाणं नीट झालं पाहिजे, बास." म्हणजे गाणं फसलं तर पुणं, आणि जमलं तर ही खोली, कायमची.

मी टेप घेऊन खोली मोजायला गेले. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, आणि स्लॅबही बरोबर दहा फुटांवर. मी टेप हातात धरून एकटीच हसले. असल्या डब्यासारख्या खोलीत खालचा आवाज, ढोलकीची धुम किंवा बेस, कोपऱ्यात साचतो, भिंतीवर आपटून परत येतो, आणि ऐकणाऱ्याला कळत नाही की त्यातला गाण्यात किती आणि खोलीचा किती. मग मिक्स करणारा बेस जास्त झालाय असं समजून तो कापत सुटतो, आणि तेच गाणं दुसरीकडं लावलं की हडकुळं वाजतं. शिकायला गेल्यावर पहिल्या आठवड्यातच सांगतात, अशी खोली नको. नाइलाज असेल तर लहान स्पीकर घ्या, ते भिंतीपासून लांब ठेवा, कोपऱ्यांत जाड काहीतरी भरा. मी ठरवलं, यातलं काही म्हणजे काहीच करायचं नाही.

गाणं मी हातानं बिघडवणार नव्हते, हे लक्षात घ्या. तेवढं माझं मन मेलेलं नाही. मी जीव लावून मिक्स करणार होते. खोटं मी बोलायचं नाही, खोलीला बोलू द्यायचं, असा माझा हिशेब होता. त्या हिशेबानं मला रात्री शांत झोप लागायची.

अफरोज हा भागवतचा शाळेतला मित्र. हिंगोलीत त्याचं साउंडचं दुकान आहे, लग्न-वरातीच्या डीजेच्या खोक्यांत स्पीकर बसवतो, दुरुस्त करतो. त्याला सांगून आम्ही स्पीकरच्या दोन जोड्या घरी ऐकायला मागवल्या. एक पाच इंची पडद्याची, एक आठ इंची. पाचवाले टिफिनच्या डब्याहून थोडे मोठे. आठवाले दणकट, आणि त्यांना मागच्या बाजूनं हवा जायला भोक. मामा, आत्या, भागवत, तिघंही पलंगावर ओळीनं बसले. अफरोजनं दोन्ही जोड्यांवर एकच गाणं लावून दाखवलं.

"वहिनी, येवढ्याशा रूमला पाचवाले बराबर हायेत," तो म्हणाला. "आठवाले घुमून राहिले, बघा की. त्यात ते मागून हवा मारतेत. भिंतीला लावले तर बेसचा नुसता चिखल व्हईल."

शब्द न् शब्द खरा होता. मी म्हणाले, "मला आठच पाहिजेत."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "तुमी शिकलेल्या, तुमाला म्या काय सांगावं? पण एक विचारतो. पुण्याच्या स्टुडिओत कोणते होते?"

"आठच होते," मी म्हणाले. तेही खरं होतं. ती खोली या खोलीच्या चौपट होती आणि तिच्या भिंतींत जाड कापूस भरलेला होता, एवढं मी सांगितलं नाही.

"ती आठ म्हणती ना? मग आठच ठेव," मामा म्हणाले. "आवाजातलं माझ्या सुनेला तुझ्यापेक्षा जास्ती कळतं, अफरोज."

अफरोजनं पाच इंची जोडी परत खोक्यात भरली. चारचौघांत त्याचा पाणउतारा माझ्यामुळं झाला होता, आणि बरोबर तोच होता. मला लाज वाटली, पण मी आठ इंची सोडले नाहीत.

टेबल भिंतीला चिकटवलं, स्पीकर दोन कोपऱ्यांत कोंबले आणि एक जुनं ढोलकीचं गाणं लावलं. ढोलकीच्या पहिल्या थापेला स्वयंपाकघरात मांडणीवरची ताटं खणखणली. दुसऱ्या थापेला आत्या बाहेर आल्या. खोलीत नुसता गडगडाट भरून राहिला होता. लग्नानंतर एवढी खूश मी कधी झाले नव्हते. त्या दिवशी मी मोबाइलवर कोथरूड आणि वारज्यातल्या भाड्याच्या जागा बघितल्या, आणि एका स्वयंपाकघराची खिडकी मला इतकी आवडली की तिचा फोटो जपून ठेवला.

मग चुलत बहिणीच्या लग्नाला मी चार दिवस माहेरी नरसीला गेले. परत आले आणि खोलीचं दार उघडलं, तर समोर हळद.

आमच्याकडं हळद काढली, शिजवली, वाळवली, फिरत्या लोखंडी ढोलात घालून घासली, की पोती भरून भाव येईपर्यंत ठेवतात. यंदाची आमची सगळी पोती शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. ती आता माझ्या खोलीत होती. मागच्या भिंतीला दुहेरी थप्पी, चारही कोपऱ्यांत थेट स्लॅबपर्यंत थप्प्या, आणि माझं टेबल स्पीकरसकट दोन हात पुढं ओढून त्याच्याही मागं एक थर. मधे माझी खुर्ची बसेल एवढी जागा मोकळी. वासानं डोळ्यांत पाणी आलं.

"ताटं वाजून वाजून तुझ्या आत्याचं डोकं उठलं होतं," मामा दारातून सांगत होते. "म्या म्हनलं, पोते लावले की आवाज भाईर येणार न्हाई. दोन गडी लावले आन् एका दिसात उरकलं. माल बी घरात ऱ्हाईल, तुला बी मोकळेपणानं वाजवता येईल."

मला हसूच आलं. म्हटलं, होती ती खोलीही आता अर्धी झाली, आणखी बरं. मी खुर्चीत बसले आणि तेच गाणं लावलं.

ढोलकीची थाप आली आणि संपली. पुढची आली, संपली. दोन थापांच्या मधे काहीच नव्हतं, नुसती स्वच्छ शांतता. मी आवाज वाढवला. मांडणीवरचं एक ताट हललं नाही. मी उठून कोपऱ्यातल्या थप्पीशी गेले, दाराशी गेले, खाली बसून ऐकलं. सगळीकडं सारखं. सुकलेल्या हळकुंडांचा ढीग, त्यांच्यामधली हवा, वर तागाचं पोतं, आणि हात-दीड हात जाडी. पुण्यात असलं काम करायला कारागीर बोलवतात, मापं घेतात, महिनाभर खपतात. माझ्या सासऱ्यांनी ते दोन गडी लावून एका दिवसात केलं होतं. मी त्या पोत्यांना टेकून खाली बसले, आणि मामांना वाटलं, सूनबाई खूश झाली.

दोन दिवसांनी मी म्हणाले, "मामा, हळदीच्या वासानं डोकं दुखतं हो." संध्याकाळी खिडकीला एक्झॉस्ट पंखा बसला. मग म्हणाले, पोत्यांत किडे होतील. त्यांनी सगळी थप्पी खालपासून वरपर्यंत तपासली आणि मला सांगितलं की पोरी, एक किडा न्हाई, बिनघोर बस. तिसरं काही सुचलं नाही.

दिपाताईंनी गाणं पाठवलं. एकोणीस वर्षांची मुलगी, आयुष्यातलं पहिलं गाणं. आवाज कोवळा, पण खाली उतरताना त्याला एक सुंदर जाडी यायची, जणू तिची आजी मागं उभी राहून गातेय. दिपाताईंनी सोबत लिहिलं होतं, 'शुक्रवारी ती स्वतः आईला घेऊन ऐकायला येणार आहे. तोपर्यंत दे.'

चार दिवस मी त्या पिवळ्या भिंतींच्या मधे बसले. मला सगळं ऐकू येत होतं. तिचा श्वास, पेटीवाल्याचा अंगठा, ढोलकीची शाई. इतकं नीट मला पुण्यातही कधी ऐकू आलं नव्हतं. बुधवारी गाणं पूर्ण झालं. चांगलं झालं होतं, हे मला कळत होतं, आणि त्याचंच रडू येत होतं.

गुरुवारी मी ठरवलेलं मोडलं. मी त्याच गाण्याची दुसरी प्रत केली आणि हातानं बिघडवली. खालचा आवाज कापला, ढोलकी मागं ढकलली. आठ इंची या खोलीत जे करणार होते ते मीच केलं. ऐकून बघितलं. ती मुलगी कुणीतरी पत्र्याच्या डब्यात कोंडून गायला लावल्यासारखी गात होती. प्रत पाठवायची तयारी केली, बोटही ठेवलं. एक बोट दाबलं की कोथरूड. मग मला ती दिसली, शुक्रवारी आईशेजारी बसलेली, जन्मात पहिल्यांदा स्वतःचं गाणं ऐकणारी. ती घरी जाऊन म्हणेल, माझा आवाजच वाईट आहे. तिला काय माहीत, हिंगोली जिल्ह्यातल्या कुणा सुनेला घरातून निघायचंय म्हणून.

मी चांगली प्रत पाठवली. पाठवून झाल्यावर दार लावून घेतलं आणि उशी तोंडावर धरून रडले. उशीची खरं तर गरज नव्हती, त्या खोलीतून बाहेर काही जातच नव्हतं.

शनिवारी फोन आला. भागवतनं तो सगळ्यांसमोर स्पीकरवर टाकला. "पुनम, मुलगी रडली गं. तिची आईसुद्धा," दिपाताई म्हणाल्या. "कमाल केलीस. अशी खोली सोडून इथं कशाला येतेस? तिथंच कर. मी इथल्या खुर्चीवर दुसऱ्या एकीला घेतलं." आत्यांनी साखर आणून माझ्या तोंडात घातली. भागवत म्हणाला, "बघ, मी म्हणत नव्हतो?" मामा तसेच उठून पेढे आणायला गेले.

पेढे खायला अफरोजही आला. खोलीत बसून त्यानं गाणं ऐकलं, मग उठून पोत्यावर थाप मारली. "व्यंकटकाका, ही कमाल स्पीकरची न्हाई, हळदीची हाय. हे पोते हलवले तर पुन्हा चिखल." मामांना हे इतकं आवडलं की त्यांनी ते त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. निघताना अफरोज दारात थांबला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, पाच आन् आठचा फरक तुमाला कळला न्हाई, हे म्या मानत न्हाई." मी खाली बघितलं. आणि त्या घरात मला ओळखणारा तेवढा एकच माणूस गाडीत बसून निघून गेला.

श्रावण लागेपर्यंत मी सहा गाणी केली. आणि हळदीचा भाव चढला. असा चढला की गावात ज्यानं त्यानं आपापला माल काढला. भागवत म्हणाला, काढू. आत्या म्हणाल्या, काढा. आडत्याचे रोज फोन यायला लागले. मामा नुसते 'बघू' म्हणायचे. एका सकाळी चहाच्या वेळी ते माझ्यासमोर येऊन बसले.

"पुनम, हळदीला भाव आलाय. माल काढू का? न्हाई म्हनलं, तुझ्या खोलीचं काय व्हईल?"

पोती गेली की खोली गेली. खोली गेली की इथं गाणी होत नाहीत, हे मला खरंखुरं सांगता येणार, मग दिपाताईंनाच म्हणावं लागणार, बाई, तू इकडं ये, दुसरी खुर्ची टाकू. आणि यात कुणाचं नुकसान नव्हतं. उलट घराचं भलंच होतं.

"काढा मामा," मी म्हणाले. "सगळी काढा. एक पोतं ठेवू नका. आजच काढा." माझा आवाज इतका चढला की आत्या चुलीपासून वळून बघायला लागल्या.

मामांचे डोळे भरून आले. त्यांनी खिशातून फोन काढला, आडत्याला लावला आणि म्हणाले, "यंदा माल द्यायचा न्हाई. व्हय, बिलकूल न्हाई." मग आत्यांकडं वळून म्हणाले, "ऐकलंस का? पोटची असती तरी असं बोलली नसती. सोताच्या कामाचं वाटोळं करून घ्यायला निघाली, या घरासाठी."

"मामा, घरासाठी नाही," मी म्हणाले. मी कप खाली ठेवला. "तुमच्यासाठी नाही, कुणासाठीच नाही. मला पुण्याला जायचंय." लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी हे वाक्य कुठलंही कारण न जोडता बोलले होते.

मामा हसले. मनापासून, मायेनं हसले.

"मग जा की, पोरी! कोण अडवून राहिलंय तुला? चार दिस राहा, मैत्रिणींना भेट, जिवाला बरं वाटंल. खोलीची काळजी करू नको. तू येईस्तोवर म्या एक पोतं हलू देत न्हाई."

आत्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. भागवतनं मोबाइल काढला आणि विचारलं, "परतीचं तिकीट कोणत्या तारखेचं काढू?"